ताडपत्री, जार आणि अष्टमी

निर्मनुष्य समुद्रकिनाऱ्यावर 'एका दिवसाची सहल' हा बेत मराठवाड्यात हमखास लग्नाच्या मांडवात शिजतो, आणि तो शिजवणारे दाजी असतात. संभाजीनगराहून पुणे, ताम्हिणी, माणगाव करत दिवेआगरच्या बाजूला उतरायचं तर जवळपास ४०० किलोमीटर. त्यामुळे हा एक दिवस आदल्या दिवशी पहाटेच सुरू होतो आणि रात्री कोकणात कुणाच्या तरी घरगुती खोलीवर मुक्काम पडतो. खरी सहल दुसऱ्या दिवशीची. तिथं हॉटेल नाही, नळ नाही, संडास नाही, मोबाइलला रेंज नाही. दाजींच्या भाषेत, "एकदम निवांत."

तसं काही नसणं हा आमच्या हातचा मळ. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पाणी पुरवून कसं वापरावं हे आम्हाला कुणी शिकवू नये. तरी पहिला वाद पाण्यावरूनच पेटतो. "समुद्रावर चाललो अन् पाणी कामून नेयाचं?" असं जो म्हणेल त्यालाच जार उचलायला लावावेत. दहा माणसांना वीस लिटरचे तीन जार लागतात. माणशी चार लिटर प्यायला, दोन लिटर अंगावर घ्यायला. चार लिटर म्हणजे फार झाले, असं परभणीचा माणूस म्हणतो. पण परभणीच्या ४२ अंशांत घाम आल्या आल्या वाळतो आणि अंग गार करून जातो. कोकणातल्या ३२ अंशांत दमट हवा त्याला वाळूच देत नाही, तो नुसता वाहत राहतो.

दोन लिटरमध्ये आंघोळ होते, फक्त घाई चालत नाही. अंगावर ओली वाळू असताना तांब्या ओतला की वाळू खांद्यावरून पोटरीवर येते, जात नाही. आधी ती उन्हात खडखडीत वाळू द्यायची, वर पावडर भुरभुरायची, कोरड्या पंचानं झटकायची आणि मग खारटपणापुरतं पाणी. ही शिस्त मोडणारा एकजण प्रत्येक गाडीत असतो आणि तिसरा जार तोच संपवतो.

सहलीची तारीख रविवार बघून काढू नये, तिथी बघून काढावी. कोकणातलं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बारा वाजून गेल्यावर पूर्ण ओहोटी. नऊला पोचलात तर पाणी मागे सरकत असतं आणि जोरही भांगाचा, म्हणजे बेताचा. पौर्णिमेला हिशेब सव्वाअकराचा, वर उधाण. दहाला अंथरलेली सतरंजी साडेअकराला कोरडी राहील याची हमी दाजीसुद्धा देत नाहीत. वाळूवर शेवाळ, शिंपले आणि चपलांची जी रेघ दिसते तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. बिऱ्हाड तिच्या बरंच वर मांडावं. आणि क्रूझर डांबरावरच ठेवावी. "न्या की खाली, काय होतंय!" हे वाक्य कानावर आलं की आधी चावी आपल्या खिशात घालावी. चाक रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की ते आणखी खोल जातं, आणि ट्रॅक्टर शोधायला रेंज नसते.

सावलीला सुरूची झाडं असतात, पण सुरूची सावली चाळणीतून पडल्यासारखी. नारळाची बरी, पण तिच्याखाली बसलेल्याच्या डोक्याची जबाबदारी कोण घेणार? म्हणून सोयाबीनच्या बनिमीवर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगावर, झाकायची ताडपत्री न्यावी. आमचं शेतकरी ज्ञान इथं तोंडावर आपटतं, कारण कोरड्या वाळूत खुंटी धरत नाही. खताच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरायची, पोत्याच्या पोटाला दोर बांधायचा आणि दीड फूट खोल आडवं पुरायचं. मग हलत नाही. सकाळी वारा जमिनीकडून येतो, म्हणून सगळे ताडपत्रीचं तोंड समुद्राकडे ठेवतात. दुपारकडे वारा फिरतो, समुद्राकडून जोर धरतो आणि ताडपत्रीचं शीड होतं. ऐन जेवणात. तेव्हा समुद्राकडची बाजू पहिल्यापासूनच खाली बांधावी; वारा वरून निघून जातो. समुद्र दिसत नाही अशी तक्रार येईल. उठून बघा म्हणावं.

जेवणात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. ठेचा वेगळ्या डब्यात. चिवडा नेऊ नये, डबा उघडल्यावर तो बघता बघता सादळतो. दही तर नकोच. धपाटं हातात उंच धरून गप्पा मारणाऱ्याचं घार ते अलगद नेते, ओरखडा तेवढा ठेवून जाते.

आता अवघड विषय. निघताना यावर कुणी बोलत नाही आणि अकरा वाजता सगळेच बोलतात. टमरेल, खुरपं आणि जुनं लुगडं या तीन वस्तू दाजींच्या यादीत कधीच नसतात. काकूंच्या पिशवीत असतात. जागा वाळूत नाही, मागं झाडीतल्या मातीत बघायची, पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब. वाळूत काही कुजत नाही आणि लाट ते परत करते. खड्डा वीतभर खोल, नंतर बुजवायचा. केवड्याच्या बनाचा आडोसा दिसायला झकास, पण त्याच्या पानांना काटे असतात. हे वाकण्याआधी माहीत असलेलं बरं.

पोहण्यापुरती मात्र थट्टा बंद. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्याला पाणी स्वतः चालतं हे ठाऊक नसतं. विहिरीत चार हात मारले की कड लागते. समुद्रात दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर नवखा नेमका तिथं उतरतो. आत ओढ असते ती तिथंच. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडं झुंजू नये. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावं आणि मग वळावं. मी तर म्हणतो, गुडघाभर पाणी पुष्कळ झालं. जीवरक्षक नाहीत, म्हणून जवळच्या गावात आपण कुठं चाललो आणि कधी परतणार हे सांगूनच खाली उतरावं.

तीनला आवरायला घेतलं तर चारला गाडी हलते. एक तास कचरा गोळा करण्यात आणि एक चप्पल शोधण्यात जातो. घरी पोचल्यावर ताडपत्री गोड्या पाण्यानं धुवायची राहिली की तिच्या रिंगा गंजतात, आणि हे कळतं ते सोयाबीनच्या काढणीत, आभाळ भरून आल्यावर. त्या वेळी दाजींचा फोन लागत नाही.