बाराशेच्या खेळाडूला कोणी वाली आहे का?

बुद्धिबळ शिकवतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझा एकच सवाल आहे. घोडा अडीच घरं चालतो हे कळून ज्याला वर्षं लोटली, पण ज्याचं ऑनलाइन रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, बाराशे-तेराशेच्या पुढे हलत नाही, त्या माणसाने अभ्यास करायचा तो नेमका कशाचा? सांगा राजेहो! मराठीत शोधून बघा. आधी सापडतं 'हत्ती सरळ, उंट तिरपा'. त्याच्या खाली लगेच 'सात चालींत मात', 'हा ट्रॅप लावा, समोरचा रडेल'. या दोन्हींच्या मधे काहीच नाही. आणि आम्ही सगळे त्या मधल्या जागेतच अडकलोय.

त्या ट्रॅपवाल्यांचा तर मला भयंकर राग येतो. फ्राइड लिव्हर नावाचा ट्रॅप घ्या. पांढऱ्याचा घोडा जी५ या घरात येतो, काळ्या राजाशेजारच्या एफ७वर नेम धरतो, काळा डी५ला प्यादं पुढे करतो, पांढरा ते प्यादं मारतो. आता काळ्याने घोड्यानेच ते प्यादं परत मारलं, तरच पुढचा सगळा तमाशा होतो. त्याऐवजी त्याने दुसरा घोडा ए५ला नेऊन पांढऱ्याच्या उंटावर रोखला की व्हिडिओ संपला. पुढे काय करायचं, कोणी सांगत नाही. ज्याने ट्रॅप पाठ केलाय तो पोरगा तिथे पटाकडे बघत बसतो आणि त्याचं घड्याळ पळत राहतं. याला शिकवणं म्हणता तुम्ही? शिकणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट भरवता, की समोरचा चुकेल याची वाट पाहा. तो नाही चुकला तर?

आमच्या पातळीचे डाव ओपनिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चालींत, ठरतच नाहीत हो. चौथ्या-पाचव्या चालीलाच दोघंही पाठांतराच्या बाहेर गेलेले असतात. डाव जातो तो फुकट दिलेल्या मोहऱ्यात, नाहीतर शेवटी, जेव्हा पटावर दोन राजे आणि एक प्यादं उरतं आणि ते वजीर होणार की बरोबरी, हे दोघांनाही माहीत नसतं. हे ज्ञान काही गुप्त नाही. पांढऱ्याचं प्यादं ई४वर असेल आणि त्याचा राजा डी६, ई६ किंवा एफ६ यांपैकी कोणत्याही घरात पोहोचला, तर चाल कोणाची का असेना, प्यादं वजीर होतंच. कडेचं प्यादं असेल तर हिशेब वेगळा, कारण समोरच्या राजाने कोपरा गाठला की बरोबरी. एका संध्याकाळी शिकवून होईल असं हे आहे, आणि जन्मभर पुरतं. पण यावर व्हिडिओ केला तर बघणार कोण, म्हणून कोणी करत नाही.

हत्तींच्या शेवटाचंही तेच. एका प्याद्याने मागे असलेल्या खेळाडूने हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत धरायचा, समोरच्या राजाला त्या ओळीवर येऊ द्यायचं नाही, आणि त्याने प्यादं तिथे ढकललं की हत्ती एकदम पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शहावर शह द्यायचे. फिलिडॉरची पद्धत म्हणतात याला, अठराव्या शतकातल्या माणसाची. हरता डाव बरोबरीत वाचवणारी गोष्ट, आणि आमच्याकडच्या एका शिबिरात तिचं नावसुद्धा निघालं नाही! पोरांना सिसिलियन नावाच्या ओपनिंगचे फाटे लिहून दिले, फोटो काढले, प्रमाणपत्रं वाटली. कापाब्लांका १९२१ ते १९२७ विश्वविजेता होता, त्याचं सांगणंच होतं की खेळ शेवटाकडून शिकायचा. शंभर वर्षं झाली, आणि आमचे शिकवणारे अजून पहिल्या दहा चालींतच घुटमळतायत.

दुसरा सल्ला म्हणजे 'स्वतःचे डाव अॅनालाइज कर'. करतो ना. लिचेस ही साइट फुकट आहे, त्यातलं स्टॉकफिश हे चाली तपासणारं इंजिन फुकट आहे, त्यांचे उपकारच आहेत. पण इंजिन मला काय सांगतं? अठराव्या चालीला +०.४ होतं, एकोणिसाव्या चालीला -१.९ झालं (अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा). एक बाण दाखवतं, उंट सी१ला मागे ने. का? माझा उंट पुढे चांगला बसला होता, तो घरी का परत न्यायचा? त्याचं उत्तर बारा चालींच्या रांगेत कुठेतरी दडलेलं असतं आणि त्यातली एकही चाल मी किंवा माझा प्रतिस्पर्धी खेळणार नसतो. इंजिनला 'काऊन बे' असं विचारता येत नाही. ते विचारायला माणूस लागतो, माझ्यापेक्षा तीनशे-चारशे गुणांनी वरचा, मराठीत बोलणारा, अर्धा तास देणारा. तो माणूस यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातल्या खेड्यात मी आणू कुठून?

गावात खेळणारे नाहीत असं नाही. पारावर म्हातारे बसतात आणि जबरदस्त खेळतात, पण देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीला एकच घर. मी दोन घरं ढकललं की आबा ओरडतात, "दोन घर कायले नेतं रे बाप्पा, पाय लागले का त्याले?" राजाला एकदा घोड्याची उडी, आणि प्यादं ज्या घरात पोहोचेल त्या घरचं मोहरं होणार. यांना कमी समजू नका. पंजाबातला मीर सुलतान खान असल्याच नियमांवर वाढला आणि १९२९, १९३२, १९३३ अशा तीन वेळा ब्रिटिश विजेतेपद घेऊन आला. आबांची नजर त्याच जातीची आहे, चार चाली पुढचं बघतात. त्यांना बसून नवे नियम समजावून गावातच एक मंडळ उभं करावं, असं एकाही बुद्धिबळाच्या संघटनेला सुचू नये?

२०२५च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली, भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. छाती फुगली आमची, खरंच. पण त्या दिवसापासून जो भेटेल तो म्हणतो, "नागपूरच्या पोरीनं करून दाखवलं, तुले का झालं?" अरे, नागपूर आणि आमचं गाव एक आहे का? रेटेड स्पर्धा खेळायची तर आधी यवतमाळ, मग नागपूर, लांब वेळेचे डाव असले की तीन-चार दिवस मुक्काम, आणि तोही कापूस वेचणीच्या दिवसांत, जेव्हा घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. एवढं करून हाती काय? १ मार्च २०२४पासून फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, रेटिंगचा तळ १००० वरून १४०० वर नेला. म्हणजे आमच्यासारख्याचं रेटिंग हिशेबात चौदाशेच्या खाली निघालं तर यादीत नावच नाही. प्रवेश फी भरा, एसटीचे धक्के खा, खोलीचं भाडं द्या आणि अनरेटेडच परत या.

मग राहतं ऑनलाइन. आमच्याकडे पंपाची लाईन पाळीने रात्री येते. हरभऱ्याला ओलीत सुरू करून विहिरीपाशी मोबाईल घेऊन बसतो, तोच काय तो माझा अभ्यासाचा वेळ. डाव रंगात येतो, मी हत्तीने पुढे असतो, आणि नेटवर्क जातं. घड्याळ शून्यावर, डाव समोरच्याला. दुसऱ्या एका ॲपवर पझल सोडवायला जावं तर चार सोडवले की 'आजचे संपले, पैसे भरा'. आणि जे पझल मिळतात त्यात आधीच कळवलेलं असतं की इथे काहीतरी आहे, शोध. खऱ्या डावात ही घंटा कोण वाजवतं?

म्हणून जे शिकवतात, शिबिरं घेतात, चॅनल चालवतात, त्यांना रोखठोक सांगतो. पुढच्या शिबिरात पहिल्या दिवशी पटावर तीनच मोहरे ठेवा, दोन राजे आणि एक प्यादं, आणि पोरांना आळीपाळीने दोन्ही बाजूंनी खेळवा. दुसऱ्या दिवशी हत्ती आणा. तिसऱ्या दिवशी बाराशेवाल्याचा हरलेला डाव घ्या, ग्रँडमास्टरचा नको, आणि तो उंट सी१ला का न्यायचा ते मराठीत सांगा. तेवढं करायची तयारी नसेल, तर 'सात चालींत मात' विकायला आमच्या तालुक्यात येऊ नका.