चार तोंडं आणि बीपीच्या गोळ्या

मावशीचा फोन : "ती चार तोंडांची बुद्धमूर्ती आणली तर बीपीच्या गोळ्या सोडता येतील का गं?" तिच्याकडे आलेला मजकूर सांगतो, की चतुर्मुख बुद्धाचं एक तोंड आयुष्य देतं, दुसरं पैसा, तिसरं घरात सलोखा, चौथं आजाऱ्याच्या उशाकडे केलं की औषधाची गरज उरत नाही. म्हणे हे खुद्द बुद्धांनी सांगितलंय आणि कंबोडियातलं बायोन मंदिर त्याचा पुरावा.

औषधाचंच आधी बोलू, कारण हा मजकूर माणूस मारू शकतो. विनयपिटक, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ, त्यातला महावग्ग हा भाग उघडा. त्यात औषधांवर अख्खं प्रकरण आहे : तूप, लोणी, तेल, मध, काकवी, शिवाय मुळ्या, पानं, फळं, भिक्षूंना काय काय चालतं त्याची परवानगी. त्याच ग्रंथात पुढे खुद्द बुद्धांची प्रकृती बिघडते. त्यांचा शिष्य आनंद हा जीवक वैद्याला गाठतो. जीवक औषध भरलेली कमळं हुंगायला देतो, एकोणतीस जुलाब होतात, मग गरम पाण्याने आंघोळ, त्यानंतर तिसावा जुलाब आणि पथ्य. बुद्धांनी वैद्याचं मुकाट्याने ऐकलं; मूर्ती उशाशी ठेवणाऱ्यांना मात्र डॉक्टर नको!

मावशीला आलेल्या मजकुरासोबतचा फोटो तर बुद्धांचा नाहीच. तो बँकॉकच्या, १९५६ साली उभारलेल्या एरावन देवस्थानातला ब्रह्मदेव आहे. त्याच्या चार मुखांत मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (म्हणजे समभाव) पाहतात. त्यात पैसा कुठे आला?

बायोन बाराव्या शतकाच्या अखेरीस सातव्या जयवर्मनने उभारायला घेतलं. तिथल्या मनोऱ्यांवर कोरलेली मुखं अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, की राजाची, यावर अभ्यासक अजून भांडतात. उशीचा विषय तिथे कुणी काढत नाही.

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. अनेक मुखांचा अवलोकितेश्वर खराच आहे. आपल्या कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात तो अकरा मुखांचा उभा आहे. परंपरेने समोरची मुखं शांत, एका बाजूची रागीट, दुसरीकडची सुळे दाखवणारी, मागचं खदखदून हसणारं आणि सगळ्यांत वर बुद्ध. करुणा नेहमी गोड चेहऱ्यानेच येते असं नाही, कधी ती डोळे वटारून आडवी येते, हे इतक्या रोखठोकपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. आणि हो, चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने सातव्या शतकात चिनी भाषेत नेलेल्या एकादशमुख धारणीत (या अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराच्या मंत्रपाठात) निरोगी शरीर आणि धनधान्य या दोन्हींचं आश्वासन आहे. पण ते रोज पहाटे १०८ वेळा जप करणाऱ्याला दिलंय, नुसती मूर्ती विकत आणणाऱ्याला नाही.