‘सहा महिन्यांत मैदानावर’ : एसीएलच्या त्या मेसेजला उत्तर

कबड्डीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. एसीएल (गुडघ्याच्या आत दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) तुटलं की ताबडतोब ऑपरेशन करा, तोवर पाय हलवू नका, नंतर दीड महिना पूर्ण आराम करा आणि सहा महिन्यांनी खुशाल चढाईला जा. दाखला कुस्तीगीर विनेश फोगाटचा. मी फिजिओ आहे. हा मेसेज प्रमाण मानून पोरं गुडघे वाया घालवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ताबडतोब ऑपरेशन.’ गुडघा अडकून बसला असेल किंवा एकाहून जास्त लिगामेंट गेली असतील, तर घाई करावीच लागते. एरवी नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला आधी फक्त व्यायाम दिले आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनंतरही त्यातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलं नव्हतं. व्यावसायिक खेळाडू त्यात नव्हते, आणि एका पायावर गर्रकन वळणाऱ्या चढाईपटूला बहुतेकदा ऑपरेशन लागतंच. पण ते सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर उरकलं, तर नंतर गुडघा आखडूनच राहण्याची भीती असते.

‘तोवर पाय हलवू नका.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. गुडघ्यात पाणी साठलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून येणारा हुकूम मंदावतो आणि मांडी बघता बघता बारीक होते. म्हणून ऑपरेशनआधीच सूज उतरवायची, गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ करायचा, मांडीत ताकद आणायची. उताणं झोपून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काहीही नको. मांडी आवळून गुडघा खाली दाबा, मग पाय सरळ ठेवून उचला. उचलताना गुडघा किंचित जरी वाकला, तरी स्नायू अजून जागा झालेला नाही. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणारे खूप भेटतात. ती उशी आधी काढा, वाकलेला गुडघा तसाच आखडतो. नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं, की ऑपरेशनआधी ज्यांची मांडी दुसऱ्या पायापेक्षा २० टक्क्यांहून जास्त कमजोर होती, त्यांची ती कमजोरी दोन वर्षांनंतरही भरून आली नव्हती.

‘दीड महिना आराम.’ नाही. मांडी आवळणं आणि गुडघा सरळ करणं ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच सुरू होतं. लिगामेंटबरोबर गुडघ्यातली फाटलेली गादी (मेनिस्कस) शिवली असेल, तर पायावर भार किती द्यायचा ते सर्जन सांगतील तसंच.

‘सहा महिन्यांत मैदान.’ नवं लिगामेंट म्हणजे तुमच्याच शरीरातून काढून बसवलेला स्नायुबंध. त्यात नव्याने रक्तपुरवठा रुजावा लागतो, आणि पहिल्या काही महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि पोरगं म्हणतं, ‘सर, आता काहीच होत नाही.’ २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ९ महिन्यांपर्यंत मैदान जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. शिवाय नुसते महिने मोजून चालत नाही. एका पायावरची उडी आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. मग आधी एकट्याने वळणं, नंतर हलकी पकड, आणि मांडीची पकड सगळ्यात शेवटी.

राहिली विनेश. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, हे खरं आहे. ऑलिंपिकची कुस्तीगीर, पूर्ण वेळ सरावाला वाहिलेली. तालुक्याच्या संघातला पोरगा कॉलेज आणि शेत सांभाळून व्यायाम करतो, त्याने तिचं कॅलेंडर घेऊ नये. त्याच मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये ऋषभ पंतच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुखापत मोठी होती, पण उत्तमातली उत्तम सोय असूनही तो मार्च २०२४ मध्ये सामन्यात परतला. हा दाखला मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

ऑपरेशनचा खर्च विचारता, तेव्हाच पुढच्या ९ महिन्यांच्या फिजिओचाही विचारा. रोज शहरात जाणं जमत नसेल, तर पंधरा दिवसांनी जा, व्यायाम नीट शिकून घ्या आणि घरी रोज करा. आणि प्रशिक्षकांनो, स्पर्धा तोंडावर आली म्हणून त्याला उतरवू नका.