ऑक्टेन ही पेट्रोलची प्रतवारी नव्हे : एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. दोन ओळींत आटोपण्यासारखी तर नाहीच, म्हणून जरा पसरटच लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी तीस वर्षांपुढची, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचं काम कार्बोरेटर करतो अशी). साध्या पेट्रोलवर चढाला खडखडते, जास्त ऑक्टेनचं भरलं की आवाज बंद होतो आणि अ‍ॅव्हरेजही सुधारतं. पेट्रोलमधलं शिसं गेल्यापासून जुन्या इंजिनांना भारी पेट्रोलच लागतं. आणि मी मात्र ‘पुस्तिकेत दिलंय तेवढं ऑक्टेन पुरे, खडखड असेल तर आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, बघा’ असं सांगून लोकांच्या इंजिनांची वाट लावतोय.

आवाज बंद झाला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. वाद आहे तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी.

ऑक्टेनचा आकडा एकच गोष्ट सांगतो : दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणहून पेट घेण्याला हे पेट्रोल किती विरोध करतं. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून ही पट्टी आखलेली आहे. त्यात ताकद, स्वच्छता, शुद्धता यांतलं काहीही मोजलेलं नाही. इंजिन साफ ठेवणारी डिटर्जंटं कंपन्या महाग पेट्रोलात जास्त घालतात हे खरं, पण ती वेगळी मिसळलेली असतात, ऑक्टेनमुळे येत नाहीत. ‘जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सावकाश जळतं, म्हणून व्हॉल्व्ह जळतात’ असं बजावणारेही भेटतात. त्यातही तथ्य नाही. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, तरी ते काही रेंगाळत जळत नाही.

आता तुमच्या खडखडीकडे येतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज म्हणजे सिलिंडरच्या कडेला उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आत एकदम भडकल्याचा आवाज. तो बंद केलाच पाहिजे, यावर आपलं एकमत आहे. सतत चालू राहिला तर पिस्टनच्या रिंगा बसतात त्या खाचांच्या कडा तुटतात, हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) गॅस्केट उडतं. नव्या गाड्यांत ही खडखड (इंग्रजीत नॉकिंग) टिपणारा नॉक सेन्सर असतो, तो चाहूल लागताच ठिणगी मागे घेतो, म्हणजे उशिरा पाडायला लावतो. तुमच्या गाडीत ते काम तुमच्या कानांचं.

पण मला सांगा, हीच गाडी नवी असताना साध्या पेट्रोलवर खडखडत होती का? नसेल, तर बदललं आहे ते इंजिन. दहनकक्षात कार्बन साचला की जागा आक्रसते, कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबलं जातं ते) वाढतं, आणि कार्बनचा थर उष्णता धरून ठेवतो तो वेगळाच. त्यामुळे जुन्या इंजिनाची ऑक्टेनची भूक वयाबरोबर काही आकड्यांनी वाढते. वेगाप्रमाणे ठिणगी पुढे सरकवणाऱ्या, डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडल्या, तर वेग वाढताना ठिणगी हवी त्यापेक्षा लवकर पडते. कूलिंगमध्ये गाळ असेल, तर हेड तापतं. कुठून तरी जास्तीची हवा ओढली जात असेल किंवा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) अर्धवट तुंबला असेल, तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. या सगळ्यांचा आवाज एकच येतो आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तो दाबून टाकतं. दुखणं मात्र जागच्या जागी राहतं.

टायमिंगवर तुमचा विशेष राग दिसतो : ‘ठिणगी मागे घेतली की पिकअप मेलाच.’ भरमसाट मागे घेतली तर मरतो, कबूल. एक्झॉस्टही तापतो, पेट्रोलही जास्त जातं. मी म्हणतोय ते असं : टायमिंग लाइट लावून पुस्तिकेतल्या खुणेवर आहे का ते पाहा. मग इंजिनाचा वेग वाढवून ठिणगी किती पुढे सरकते तेही पाहा, कारण आयडलिंगला बरोबर असलेलं टायमिंग वर भरकटलेलं असू शकतं. एवढं करूनही आवाज राहिला, तर एक-दोन अंश मागे घ्या. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या पडद्याची) नळीही काढून चोखून पाहावी. पडदा फाटला असेल, तर खडखड होत नाही, पण सपाट रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज गळतं, आणि मग लोक पेट्रोलला दोष देतात.

अ‍ॅव्हरेजचा तुमचा अनुभवही मी खोटा ठरवत नाही. फक्त त्याचं श्रेय ऑक्टेनला देण्याआधी महाग पेट्रोलात इथेनॉल किती आहे ते बघा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे १० टक्के मिश्रणात तीनेक टक्के ऊर्जा कमी. तुमच्या भारी पेट्रोलात इथेनॉल कमी असेल, तर फरक त्याचा. उलटंही होतं बरं का : इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्यामुळे पंपावरचा मोठा आकडा काही वेळा जास्त इथेनॉल घालूनच गाठलेला असतो.

आणि जुन्या गाडीच्या बाबतीत खरी चौकशी इथेच करायला हवी. इथेनॉलचा विचार न करता बनवलेल्या गाड्यांत जुन्या जातीचे रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, चिरतात. बुचाच्या गॅस्केटी, शिसं-कथिलाचा मुलामा असलेल्या टाक्या, कार्बोरेटरचं जस्तमिश्रित ओतकाम, यांना ते मानवत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर ते पाणी शोषतं आणि पाणी फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाला बसतो. टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सुटून फिल्टर तुंबतो तो निराळाच. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जेटचं भोक मात्र तेच राहतं, म्हणून मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण तापतं, अडखळतं, आणि आपल्याला वाटतं पेट्रोल हलकं निघालं. पाइप बदलणं आणि गरजेप्रमाणे जेट मोठा करणं, हा खर्च मी डोळे मिटून करीन. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल, तर त्याला चार पैसे जास्त मोजायलाही माझी ना नाही.

शिशाचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. टेट्राएथिल लेडचा, म्हणजे पेट्रोलमध्ये घालायच्या शिशाच्या संयुगाचा, नॉकिंगवरचा गुण थॉमस मिजली यांना जनरल मोटर्समध्ये १९२१ साली सापडला, १९२३ पासून ते विकलं जाऊ लागलं आणि मोटारींच्या पेट्रोलमधून ते शेवटी हद्दपार झालं २०२१ मध्ये, अल्जीरियात. ते ऑक्टेन वाढवायचं. त्याच्या जोडीला एक काम फुकटात व्हायचं : शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडेवर) बसून तिची झीज रोखायचा. शिसं गेल्यावर ऑक्टेनची भरपाई रिफायनऱ्यांनी इतर मार्गांनी केली. सीटवरचा थर मात्र कुठल्याही ऑक्टेनच्या बिनशिशाच्या पेट्रोलातून मिळत नाही. ९५ घाला नाहीतर १००, ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कोरलेली मऊ सीट जोराने गाडी हाकली की खचणारच. ती खचतेय का हे कळायला हेड उघडावं लागत नाही : एक्झॉस्ट टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि तो उघडणाऱ्या भागातली फट) दर सर्व्हिसला कमी होत असेल, तर समजावं. इलाज म्हणजे हेड उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घेणं, आणि तोवर त्यासाठीचं अ‍ॅडिटिव्ह. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट वेगळ्या बसवलेल्या असतातच, तिथे ही धास्ती बरीच कमी.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. जुनी गाडी म्हणजे कमी ऑक्टेन, असा काही नियम नाही. १९६० च्या दशकातल्या अमेरिकी दणकट गाड्यांत १० ला १ किंवा त्याहून जास्त कॉम्प्रेशन सर्रास असे, कारण तेव्हा शिसंमिश्रित भारी पेट्रोल पंपावर होतं. त्यांना आज मिळेल ते सर्वांत जास्त ऑक्टेनच द्यावं. याउलट ७ किंवा ७.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला तेच पेट्रोल दिलं, तर फक्त खिसा हलका होतो.

पुस्तिकेतला आकडा वाचतानाही जपा. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर). जगातल्या बहुतेक पंपांवर आरओएन लिहिलेला असतो. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन यांची सरासरी लिहितात, आणि एमओएन हा जास्त वेगाला, मिश्रण जास्त तापवून मोजलेला, म्हणून लहान असतो. युरोपातलं नेहमीचं पेट्रोल ९५ आरओएन, ८५ एमओएन, म्हणजे अमेरिकी हिशेबाने ९०. अमेरिकी पुस्तिकेत ८७ दिसलं, तर ते सुमारे ९१ आरओएन समजा. ९१ आणि ९५ निम्मं-निम्मं मिसळलं, तर साधारण ९३ होतं, ही युक्तीही कामाला येते.

तुमच्या गाडीबद्दल ठाम काही सांगायचं, तर मला कॉम्प्रेशन रेशो हवा, हेड आजवर कधी उतरलंय का ते हवं, आणि खडखड थंड इंजिनावरही येते की तापल्यावरच, तेही. किल्ली काढल्यावर इंजिन दोन-चार गचके खात चालू राहतं का, हेही कळवा. राहत असेल, तर महाग पेट्रोल घेण्याआधी हेडमधला कार्बन खरवडून घ्या आणि आयडलिंग जरा उतरवा.