‘आधी खात्री करा, मग पोलिसांत जा’: हा सल्ला कुणाच्या भल्याचा?

शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी शिक्षकाने लगेच पोलिसांत जाऊ नये; आधी शाळेने चौकशी करावी, पालकांची संमती घ्यावी, पुरावा हाती असावा. तक्रार खोटी निघाली तर तक्रार करणाराच आत जातो आणि मुलीचं नाव गावभर होतं. शिक्षकांच्या काळजीपोटी पुढे ढकलला जाणारा हा मजकूर मुलांच्या मुळावर येतो.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी भीती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. पुरावा गोळा करणं हे पोलिसांचं काम. कळवणाऱ्याने स्वतः तपास करून माहिती काढावी अशी अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. मुलीने बाईंना जे सांगितलं, ते बाईंनी पोलिसांना सांगायचं, एवढंच.

सगळ्यात घातक आहे ती शाळेची ‘अंतर्गत चौकशी’. त्यात लहान मुलीला ऑफिसात बोलावून तेच मुख्याध्यापकांसमोर, मग संस्थाचालकांसमोर वदवून घेतात. कधी तर ज्याचं नाव तिने घेतलं तोच समोर उभा असतो. मूल गोंधळतं, गप्प होतं, आणि पुढे कोर्टात तीच विसंगती आरोपीच्या कामी येते. तोवर कपडे धुतले गेलेले असतात, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं असतं, घरच्यांवर दबाव आलेला असतो. कायद्यातली रीत याच्या अगदी उलट आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला २४ तासांत कळवायचं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचं प्रकरण आठवा. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, माहीत असून कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि म्हटलं की माहीत असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेकदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो. २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातही शाळा व्यवस्थापनातल्या लोकांवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला.

मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की आपण सुटलो, हाही गैरसमज. जबाबदारी प्रत्येकाची स्वतःची आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. पालकांची संमती लागत नाही. लागू नयेच, कारण कधीकधी अत्याचार करणारा घरातलाच असतो.

आणि ‘खोटी तक्रार’? शिक्षा आहे ती अपमान, खंडणी, धमकी किंवा बदनामीच्या हेतूने मुद्दाम केलेल्या खोट्या तक्रारीला. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतीच कारवाई होत नाही, आरोप सिद्ध झाला नाही तरीही. मुलाची ओळख माध्यमांत उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

कळवण्याच्या या सक्तीवरचा एक आक्षेप मात्र खरा आहे. १८ वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. परस्परसंमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली १७ वर्षांची मुलगी पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात जायचंच टाळते. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या बाबतीत सवलत दिली: मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव देण्याची गरज नाही. हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण पहिलीतल्या मुलीबद्दल गप्प बसायला त्याची ढाल करता येणार नाही.

तेव्हा मुलाने सांगितलं तर त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा, उलटतपासणी करू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मदत मिळते, ११२ वर पोलीस. ठाण्यात माहिती लेखी नोंदवून तिला क्रमांक देणं पोलिसांवर बंधनकारक आहे; तो मागून घ्या.