याजक थांबला का नाही?

"ठरलं आमचं," कट्ट्यावर टेकता टेकताच बंधूने जाहीर केलं. "दोन्ही पोरांना शाळेतून काढतोय. घरीच शिकवणार."

बंधू हे काही त्याचं नाव नव्हे. येईल त्याला 'काय बंधू' म्हणायची सवय त्याला चर्चच्या मंडळीत लागली आणि आम्ही ती त्याच्यावरच उलटवली. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. बातमी ऐकून आधी पेटले ते अर्थातच मास्तर.

"म्हणजे आम्ही आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून माशा मारल्या म्हणायचं!"

"तसं नाही हो मास्तर. शाळा गणित शिकवते, भाषा शिकवते, मान्य. पण माणूस जगतो कशासाठी, खोटं का बोलू नये, आपल्या देहाची किंमत काय, हेही मुलं कुठूनतरी शिकतातच. शाळा गप्प बसली की मागच्या बाकावरचं पोर शिकवतं, मोबाईल शिकवतो. मला ते माझ्या हातात हवंय. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात काय सांगितलंय? ही वचनं मुलांच्या मनावर बिंबव, घरात बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोल. ही जबाबदारी बापावर टाकलीय, शिक्षण खात्यावर नाही."

"त्याच्या आधीची ओळ वाचलीस का?" हा आवाज ताईचा. ताई म्हणजे बंधूची थोरली बहीण. किती वर्षं संडे स्कूल घेतेय ते तिलाही आठवत नसेल. ती भावाच्या बाजूने बोलेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. "आधी म्हटलंय, ही वचनं *तुझ्या* हृदयात राहोत. मुलांचं मागाहून येतं."

बंधूने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र मनात नोंद करून ठेवली.

वकिलाला हक्काचा प्रश्न दिसला की राहवत नाही. "कायद्याचं म्हणशील तर जगात दोन्हीकडचे कौल आहेत. अमेरिकेत ओरेगन राज्याने १९२२ साली कायदा केला की मुलांनी सरकारी शाळेतच जायचं. १९२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. मूल म्हणजे निव्वळ सरकारची निर्मिती नव्हे, अशा अर्थाचं वाक्य त्या निकालात आहे. घरी शिकवणारे ते अजून तोंडपाठ म्हणतात. पण गंमत अशी की तो खटला घरशाळेचा नव्हताच. तो लढवला सिस्टरांच्या एका संस्थेने आणि एका लष्करी शाळेने. आपापल्या शाळा वाचवायला!"

"आणि त्या आमिश लोकांचा, जुन्या पद्धतीने जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा?" बंधूचा अभ्यास झालेला होता.

"तो १९७२ चा. आठवीनंतर पोरांना शाळेत पाठवलं नाही म्हणून बापांना पाच-पाच डॉलर दंड झाला आणि त्या पाच डॉलरवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाप जिंकले. फक्त न्यायमूर्ती डग्लस यांनी थोडं वेगळं मत नोंदवलं. आईबापाच्या श्रद्धेचं तुम्ही ऐकलंत, पण मुलांना काय हवंय ते विचारलंत का?"

"बघ," मास्तर म्हणाले.

"उलट टोक जर्मनीचं. तिथे शाळेत जाणं सक्तीचं. एक ख्रिस्ती कुटुंब युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेलं, २००६ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला. समाजात मिसळणं हाही शिक्षणाचा भाग आहे, वेगळ्या बेटांवर राहणारे समाज तयार होऊ नयेत, हा जर्मनीचा मुद्दा न्यायालयाने ग्राह्य धरला. आणि म्हटलं, शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी धर्म शिकवायला तुम्हाला कोण अडवतंय?"

"म्हणजे मुलाचे ताजे सगळे तास शाळेचे," बंधू म्हणाला, "आणि पेंगुळलेला उरलासुरला तास देवाचा."

हे मला लागलं. धर्म बाजूला ठेवला तरी लागलं. माझ्या पोराशी मी रोज बोलतो ते तो झोपेला आलेला असताना, आणि ते बोलणंही 'दप्तर भरलंस का' याच्यापुढे जात नाही.

तेवढ्यात ताईने विचारलं, "शिकवणार कोण पण?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

बंधू जरा चाचरला. "म्हणजे... दिवसभर तीच असते ना घरी."

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. ताई हसली नाही. "नव्या करारातल्या इफिसकरांच्या पत्रात 'बापांनो' म्हटलंय. मुलांना चिडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात वाढवा, हे बापांना उद्देशून आहे. प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या लूथरने १५२९ मध्ये लहान कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्म शिकवणारं पुस्तक, लिहिला, तोसुद्धा घरच्या कर्त्या पुरुषाने आपल्या माणसांना शिकवावा म्हणून. तू रात्री आठला येणार, प्रार्थना घेणार आणि श्रेय घेणार. अपूर्णांक, शुद्धलेखन, रडारड वहिनीकडे."

"लूथर माझ्याच बाजूचा झाला की मग!"

"अर्धा. त्याच लूथरने पाच वर्षं आधी, १५२४ मध्ये, शहरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शाळा काढा म्हणून गळ घातली होती. का, तर कित्येक आईबापांना शिकवायची इच्छा नसते, बहुतेकांना ते येत नाही आणि येत असलं तरी वेळ नसतो. घर हवं म्हणणाराही तोच, घर पुरत नाही म्हणणाराही तोच."

मग बंधूने हुकमाचा एक्का काढला, सुझॅना वेस्ली. मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीची आई. एकोणीस बाळंतपणं, त्यातली दहा मुलं जगली. नवरा पाळक, घरात पैशाची कायम ओढाताण. मूल पाच वर्षांचं झालं की वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी घर शांत करून त्याला घेऊन बसायची. सकाळी नऊ ते बारा, दुपारी दोन ते पाच. त्या एका दिवसात अख्खी मुळाक्षरं! फक्त दोन मुलींना दीड दिवस लागला, आणि तेही तिने स्वतःच्या पत्रात लिहून ठेवलंय. नंतर बाळबोध पुस्तकबिस्तक काही नाही, थेट बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पहिला अध्याय.

"आणि पुढचं ऐका. १७०९ मध्ये त्यांचं घर जळालं. घर पुन्हा उभं राहीपर्यंत मुलं इकडेतिकडे लोकांकडे राहिली. परत आली ती नको ती गाणी आणि उद्धट बोलणं शिकून. ही तक्रारही तिच्याच पत्रात आहे. मग तिने काय केलं? आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाला वाटून दिली. त्या वेळी फक्त तो आणि आई. जॉनचा गुरुवार होता. तो मोठा झाल्यावरही ते गुरुवार विसरला नाही. कुठली शाळा देईल असा गुरुवार?"

कट्टा गप्प. मास्तरांनीही मान हलवली. एवढं खरंच भारी होतं.

ताईने चष्मा काढून पुसला. ती असं करते तेव्हा समजावं की पुढे काहीतरी येतंय. "जॉनला दहाव्या-अकराव्या वर्षी शाळेत घातलं, ते सांगितलं नाहीस. बरं, ते सोड. हेटीचं सांग ना."

"कोण हेटी?"

"त्याच घरातली मुलगी. जॉनहून मोठी. तीच आई, तेच सहा तास. आठव्या वर्षी ग्रीकमधला नवा करार वाचायची असं सांगतात. कवितेचा हातही चांगला. १७२५ मध्ये ती एका माणसाबरोबर निघून गेली, तो लग्न काही करेना, दिवस राहिले आणि घरी परतली. बापाने काय केलं? घाईघाईने एका नळजोडणीवाल्याशी लग्न लावून दिलं. ना तिच्या बुद्धीला साजेसा, ना मनाला. बापाचा राग गेला नाही तो नाहीच. ती पत्रं लिहीत राहिली. तिची बाजू घेऊन जॉनने चुकलेल्यांशी दयेने वागण्यावर प्रवचन केलं, तर बाप त्याच्यावरही चिडला."

"मुलगी वाईट निघाली म्हणून शिक्षण वाईट?"

"मुलगी वाईट निघाली असं मी म्हटलंच नाही." ताईचा आवाज जरा चढला. "उधळ्या पुत्राचा दाखला, वाट चुकून परतलेल्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो तो, त्या घरात कितीदा वाचला गेला असेल, विचार कर. मुलगी खरोखर परत आली, आणि दारात उभं राहायला बाप नव्हता. त्या घरात त्या दिवशी नापास कोण झालं?"

बंधू काही बोलला नाही. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याचं तिने जाता जाता सांगितलं: तो तर परमेश्वराच्या मंदिरातच वाढला, ज्या एली याजकाच्या हाताखाली वाढला त्याचे स्वतःचे मुलगे अर्पणाचं मांस लुबाडायचे, आणि पुढे शमुवेलाचेही मुलगे लाच खाऊ लागले. याहून धार्मिक घर कुठलं आणायचं?

मला वाटलं, आता बंधू आटोपला. पण नाही.

"गेल्या महिन्यात एक झालं," तो म्हणाला. "घरी प्रयोग म्हणून मी चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला, वाटेत जखमी पडलेल्याला परका शोमरोनी मदत करतो ती येशूची गोष्ट. शार्लट मेसन नावाच्या बाईंची पद्धत आहे. एकदाच वाचायचं आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. आपण मध्ये बोलायचं नाही, तात्पर्य सांगायचं नाही. पोराने सांगितला. लुटारू, जखमी माणूस, याजक दुसऱ्या बाजूने निघून गेला, लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, तोही गेला. आणि तिथेच अडला. म्हणे, पप्पा, याजक थांबला का नाही? मी म्हटलं, त्याला मंदिरात जायचं असेल, मेलेल्या माणसाला शिवला तर विटाळ होईल, मग सेवा करता येणार नाही. मी हे चारदा प्रवचनात ऐकलेलं. तो म्हणाला, पण तो तर खाली चालला होता."

"म्हणजे?" वकील.

"मीही असंच विचारलं. मग नकाशा काढला. यरुशलेम समुद्रसपाटीच्या साडेसातशे मीटर वर आणि यरीहो तर समुद्रसपाटीच्याही खाली, अडीचशे मीटर. रस्ता पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा, सगळा उतार. शुभवर्तमानात लूकाने लिहिलंय, याजक त्या वाटेने *खाली* जात होता. म्हणजे मंदिराकडून परत येत होता. सेवा असलीच तर उरकलेली. माझी सबब गेली! नऊ वर्षांच्या पोराने काढून घेतली. दीड तास आम्ही त्या एका शब्दावर बसलो. सांगा मास्तर, पस्तीस मिनिटांच्या तासाला जमलं असतं?"

"नाही जमलं," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "वर्गातलं असं पोर मी 'नंतर बघू' म्हणून खाली बसवलं असतं. कितींना बसवलं, मोजलेलं नाही."

ताईलाही ते आवडलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण बहीण शेवटी बहीण. "छान. आता शोमरोन्याचं बोल. यहुद्यांच्या लेखी तो परका, चुकीच्या ठिकाणी उपासना करणारा, ज्याच्याशी संबंध ठेवायचा नाही असा. येशूने नेमका तोच का निवडला? तुझ्या पोराला घरात शोमरोनी कुठून भेटणार? शाळेत तो त्याच्या शेजारी बसतो. स्वतःची पेन्सिल देतो."

"मैदानावर पाठवेन की. घरी शिकणं म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे."

"मग ठीक. बायबलमधला दानीएल बंदी म्हणून बाबेलात गेला, राजाची भाषा आणि ग्रंथ शिकला, फक्त त्याचं ताट नाकारलं. तुला ग्रंथ नाकारायचेत की ताट, तेवढं ठरव."

मध्ये वकिलाने उत्क्रांतीचा विषय काढायचा प्रयत्न केला. तो लवकर विझला, कारण बंधूने सरळ सांगितलं की ख्रिस्ती लोकांतच यावर चार मतं आहेत आणि तो मुलांना चारही सांगणार. ताईने पुस्ती जोडली की निसर्गाविषयी अज्ञानातून काहीबाही बोलून श्रद्धेचं हसं करू नका हे ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावलंय, आणि आनुवंशिकतेचे नियम मठाच्या बागेतल्या वाटाण्यांवर सापडले, मेंडेल साधूच होता. वकिलाची निराशा झाली. त्याला भांडण हवं होतं.

मला एकच विचारायचं होतं, ते मी विचारलं. "शाळेत मास्तर चुकले तर मूल घरी येऊन तुला सांगतं. घरी तू चुकलास तर ते कुणाला सांगणार?"

बंधू बराच वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत बसला.

"परवाच झालं तसं," तो म्हणाला. "एका गृहस्थांचं काम मी घेतलं होतं, मुदत टळून गेली होती. त्यांचा फोन आला. फोन पोराच्या हातात होता. मी खुणेने सांगितलं, पप्पा घरी नाहीत म्हण. त्याने फोन तसाच धरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, नववी आज्ञा. खोटी साक्ष देऊ नको, ती."

"कॅथलिकांच्या मोजणीत आठवी," वकील पुटपुटला. त्याला कुठे गप्प बसावं ते कळत नाही.

"मग?" ताईने विचारलं.

"मी फोन काढून घेऊन बंद केला. आणि त्याला म्हटलं, मोठ्यांच्या व्यवहारात बोलायचं नाही."

"आज्ञा पाठ कुणी करून घेतल्या होत्या?"

"मीच."

"माफी मागितलीस त्याची?"

यावर बंधू उठला. पोरीला आणायला उशीर होतोय म्हणाला. कुणी अडवलं नाही.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा आम्ही कुणीच विषय काढला नाही. मास्तर तर मुद्दाम क्रिकेटवर बोलत राहिले. शेवटी त्यानेच सांगितलं.

"मागितली माफी."

"काय म्हणाला?" ताईने विचारलं.

"म्हणाला, ठीक आहे पप्पा. पण त्या काकांना आता फोन करा."

"केलास?"

"केला. तो समोरच उभा होता ना. अर्धा तास फाडून खाल्लं त्यांनी मला."

शाळेचं काय ठरलं ते विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं.