गरुडाची तपश्चर्या आणि समोरच्या टाकीवरची घार

समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर एक मोठा पक्षी येऊन बसला होता. बाबा रोज खिडकीतून त्याचा फोटो काढायचे आणि मला पाठवायचे. पहिल्या दिवशी फोटोखाली लिहिलं होतं, "गरुड आलाय." दुसऱ्या दिवशी, "अजून तिथेच आहे. तपश्चर्या सुरू." तिसऱ्या दिवशी फोटोसोबत तो फॉरवर्डच आला. 'गरुडाचा पुनर्जन्म'.

तुमच्याकडे तो एकदाही आला नसेल तर तुम्ही नशीबवान. थोडक्यात सांगते. गरुड म्हणे ७० वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखांतली पकड जाते, पिसं जड होऊन छातीला चिकटतात. मग एक तर मरायचं, नाहीतर बदलायचं. बदलायचं ठरवलेला गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून आपटून चोच पाडतो. नवी चोच आली की तिने नखं उपटतो, नवी नखं आली की त्यांनी पिसं उपटतो. १५० दिवसांनी नवा कोरा होऊन उडतो आणि आणखी ३० वर्षं जगतो. तात्पर्य, आपणही जुन्या सवयी टाकून द्याव्यात.

टाका ना, खुशाल टाका. सवयींवरून माझं काही भांडण नाही. भांडण त्या तिसऱ्या फोटोवरून आहे. तो मोठा करून पाहिला तर शेपटीला खाच दिसली. म्हणजे गरुड नव्हे, साधी घार. डावा पंख लोंबलेला. त्यातली तीन-चार लांब पिसं अर्ध्यातच मोडलेली, आणि सांध्याजवळ उन्हात काहीतरी चमकत होतं. तो नायलॉनचा दोरा होता. तीन दिवस ती घार दोऱ्यात गुरफटून उपाशी बसली होती आणि आमच्या घरात तिच्या निश्चयाचं कौतुक चाललं होतं.

तेव्हा आता त्या फॉरवर्डकडे वळू.

७० वर्षांचा मुद्दा दोन ओळींत आटपतो. रानात वाढलेल्या, पायात क्रमांकाचं कडं घातलेल्या पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडांपैकी सर्वांत म्हातारा म्हणून नोंदवलेला पक्षी ३८ वर्षांचा होता. १९७७ साली पिल्लू असताना त्याला कडं घातलं आणि २०१५ साली न्यूयॉर्क राज्यात गाडीची धडक बसून तो मेला. म्हणजे फॉरवर्डमधला 'चाळिशीचा निर्णय' घेण्याआधीच विक्रमवीराचा कारभार आटोपला होता. पिंजऱ्यात, रोज आयतं खाणं मिळत असताना, काही गरुडांनी चाळिशी ओलांडली आहे, हे खरं. पण डोंगरावर जाऊन नव्हे.

आता चोच. सगळा खेळ हिच्यावरच उभा आहे आणि सर्वांत मोठी थापही हीच आहे.

चोच म्हणजे टोपी नव्हे, काढली आणि नवी घातली. आत जबड्याचं हाड असतं, त्यावर केराटिनचं आवरण असतं. आपली नखं ज्याची बनलेली असतात तेच केराटिन. हे आवरण जन्मभर वाढत राहतं. इथे मला नाइलाजाने अर्धं माप फॉरवर्डच्या पदरात टाकावं लागतं. पाळलेल्या शिकारी पक्ष्यांची चोच खरोखरच वाढून वाकडी होते, आणि सांभाळणारे ती कानशीने घासून बेताची ठेवतात. रानातला पक्षी हाडं फोडतो, खाऊन झालं की फांदीवर, दगडावर चोच घासतो, त्यात ती आपोआप झिजते. कोणीतरी कधीतरी दगडावर चोच घासणारा पक्षी पाहिला असेल आणि पुढचं पदरचं घातलं असेल, असा माझा आपला अंदाज.

पण वरचं आवरण झिजणं वेगळं आणि चोच मुळापासून मोडणं वेगळं. मोडल्यावर काय होतं, याचं उदाहरण आहे. २००५ साली अलास्कात एका गरुड मादीच्या चोचीवर कोणीतरी गोळी झाडली. वरची चोच जवळजवळ गेली. ती सापडली तेव्हा उपासमारीने मरायला टेकली होती. तिला धड खाता येईना, पाणी पिता येईना, पिसं साफ करता येईनात. माणसांनी हाताने भरवून तिला जगवलं. फॉरवर्डच्या हिशेबाने पाच महिन्यांत ती ठणठणीत होऊन उडायला हवी होती. प्रत्यक्षात २००८ साली, तीन वर्षांनी, तिला कृत्रिम चोच बनवून बसवावी लागली. मापं घेऊन, संगणकावर आराखडा काढून, माणसांनी. ब्यूटी तिचं नाव. यापुढे मला हा फॉरवर्ड पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी ब्यूटीचा फोटो पाठवणार आहे.

आणि जरा डोळ्यांसमोर आणून बघा. चोच नाही, म्हणजे मांस फाडता येत नाही. पुढे नखंही नाहीत, म्हणजे भक्ष्य धरता येत नाही, फांदीवर धड बसताही येत नाही. शेवटी पिसंही नाहीत, म्हणजे उडता येत नाही, ऊबही नाही. आणि हे सगळं १५० दिवस, डोंगरमाथ्याच्या वाऱ्यात. उपासाच्या बाबतीत प्रौढ पक्ष्यांत एम्परर पेंग्विनच्या नराचा हात धरणारं क्वचितच कोणी असेल. जोडी जमवण्यापासून पायांवरचं अंडं उबवून होईपर्यंत तो सुमारे ११५ दिवस काही न खाता काढतो. त्याच्याकडे आधी खाऊन साठवलेल्या चरबीचा साठा असतो, आणि तरीही वजन ४० टक्क्यांच्या आसपास घटतं. गरुडाला उडायचं असतं, एवढी चरबी तो बाळगणार कुठे?

नखांचं चोचीसारखंच आहे, आत हाड आणि वर आवरण. पुढे जाऊ.

पिसांबाबत मात्र थोडं थांबायला हवं, कारण टाकीवरच्या घारीबाबत बाबांना फसवलं ते या मुद्द्याने. पिसं बदलतात, हे शंभर टक्के खरं. पण त्यासाठी चाळिशीची वाट बघावी लागत नाही. हे आयुष्यभर चालू असतं आणि उपटावं काहीच लागत नाही, जुनं पीस गळतं आणि त्याच जागी नवं येतं. शिकारी पक्ष्याला उडाल्याशिवाय पोट भरता येत नाही, म्हणून त्याच्या पंखातली पिसं एकेक, दोनदोन करून बदलतात. मोठ्या गरुडांना पंखांतली सगळी पिसं बदलायला वर्षापेक्षा जास्त वेळ लागतो. सगळी उड्डाणपिसं एकदम टाकणारे पक्षीही आहेत, नाही असं नाही. बदकं टाकतात, पण त्यांना पाण्यात पोहत खाता येतं. धनेशाच्या काही जातींची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तिथे टाकते, पण तिला फटीतून भरवायला नर असतो. डोंगरावरच्या आपल्या गरुडाला डबा कोण पोचवतो, ते फॉरवर्डमध्ये दिलेलं नाही.

पिसं गळणं आणि पिसं मोडणं यांतला फरक साध्या फोनच्या फोटोतही बऱ्याचदा कळतो. पक्षी उडताना किंवा पंख पसरून बसलेला असताना फोटो घ्या आणि दोन्ही पंख ताडून बघा. पिसं बदलत असतील तर फट साधारण दोन्हीकडे सारख्याच जागी दिसते, आणि फटीलगतची नवी पिसं जुन्या विटक्या पिसांहून गडद असतात. एकाच पंखात भगदाड, मध्येच तुटलेल्या काड्या, लोंबणारा पंख, भर दिवसा मिटलेले डोळे, माणूस जवळ गेला तरी न हलणं, यांतलं काही दिसलं तर ती तपश्चर्या नव्हे. कॅमेरा ठेवा आणि पक्षिमित्रांना फोन करा. ते येईपर्यंत लांब राहा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आमच्याकडे आलेल्या दोघांनी घारीवर टॉवेल टाकला, नखं सांभाळत तिला उचललं आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. दोरा मांसात रुतला होता. बाबा खिडकीतून बघत होते, त्या दिवशी त्यांनी फोटो काढला नाही. संध्याकाळी फोनवर मी त्यांना वरचं सगळं ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, पण मला तो गोष्ट म्हणून आवडला होता." मग पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. फॉरवर्डसोबतच्या चित्रातला पक्षी तर गिधाड होतं, हे सांगायचं मी टाळलं.

परवा त्यांचा नवा फोटो आला. टाकीवर घिरट्या घालणारी दुसरी एक घार, पंख पूर्ण पसरलेले, फोटो थोडा हललेला. खाली लिहिलं होतं, "दोन्हीकडे सारखीच फट आहे. बघ बरं, बरोबर आहे ना?"

बरोबर होतं.